दुनहुआंग

चीनच्या गान्सू प्रांतातील प्राचीन रेशीम मार्गावरचे शहर. हा प्रांताचा पश्चिमेकडचा भाग. पश्चिमेकडे निघालेले तांडे येथे दाणापाणी भरून घेत. तक्लामकान वाळवंटाला उत्तरेने वळसा घालायचा की दक्षिणेने, हेही येथेच ठरे. हान सम्राट वू याने इ. स. पू. १११ च्या सुमारास येथे सीमेवरचे ठाणे वसवले. ७८० नंतरच्या दशकात ते तिबेटी सत्तेकडे गेले आणि ८४८ मध्ये चांग यीछाव या स्थानिक सरदाराने परत मिळवले.

खुद्द शहर आज हॉटेले आणि रात्रबाजाराचे आहे. इतिहास पाहायचा तो बाहेर पडून. आग्नेयेस सुमारे २५ किमी.वर मोगाओ लेणी आहेत. लेझुन नावाच्या भिक्षूने ३६६ मध्ये येथे पहिले लेणे कोरले, अशी नोंद आहे. त्यानंतर सुमारे हजार वर्षे काम चालू राहिले. चित्रे वा मूर्ती असलेली ४९२ लेणी टिकून आहेत. भित्तिचित्रांचे क्षेत्र सुमारे ४५,००० चौ. मी. आणि मूर्ती दोन हजारांवर. येथला कडा वाळू-गोट्यांचा, ठिसूळ; अजिंठ्याच्या बेसॉल्टप्रमाणे त्यातून मूर्ती घडवता येत नाही. म्हणून लाकूड-बोरूच्या सांगाड्यावर माती थापून मूर्ती केल्या आणि भिंतींना चिखल-गवताचा गिलावा देऊन त्यावर रंग चढवले. अशी कच्च्या मातीची कला दीड हजार वर्षे तगली, ती मुख्यतः कोरड्या हवेमुळे.

भारतीय प्रवाशाने २८५ क्रमांकाचे लेणे चुकवू नये; मात्र नेहमीच्या फेरीत ते दाखवतातच असे नाही. ५३८-३९ चे लेख असलेल्या या बौद्ध लेण्याच्या पश्चिम भिंतीवर बैलावर बसलेला त्रिमुखी महेश्वर आहे आणि त्याच भिंतीवर गजमुख विनायकही. क्र. २५७ मधील नवरंगी हरणाची जातककथा चित्रपट्टीसारखी आडवी उलगडते. क्र. ९६ मधील सुमारे ३५ मी. उंचीचा मैत्रेय पाहताना मान दुखते. कलेच्या दृष्टीने मात्र क्र. ४५ मधील थांगकालीन मूर्तिसमूह कितीतरी सरस.

सोळाव्या लेण्याच्या प्रवेशमार्गातच, उजव्या भिंतीआड, एक लहानशी खोली आहे. ती ११व्या शतकाच्या सुमारास बंद केली गेली आणि १९०० मध्ये वांग युआनलू या ताओपंथी साधूला सापडली. आत हजारो हस्तलिखिते व रेशमी चित्रे होती. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये पॉल पेल्यो या संशोधकांनी त्यातली बरीच किरकोळ रकमेत नेली. वांगला वश करण्यासाठी स्टाइनने ह्यूएन-त्संगचे नाव वापरले. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे वर्णन लिहिणारा तोच हा प्रवासी. भारतातून परतताना तो याच वाटेने गेला होता. ८६८ मध्ये छापलेले ‘वज्रच्छेदिका’ सूत्र येथलेच. ते आता लंडनमध्ये आहे. आज या खोलीत हस्तलिखिते उरलेली नाहीत.

वायव्येस, वाळवंटात, युमेन खिंडीचे ठाणे उभे आहे: ठोकून घट्ट केलेल्या मातीचा एक चौकोनी कोट, बाकी सगळे उजाड. जवळच हानकालीन तटबंदीचा तुकडा आहे. त्यात बोरूचा एक थर, खडीचा एक थर ही रचना आजही उघड्या डोळ्यांनी दिसते. लेण्यांची श्रीमंती पाहिल्यावर हा कोट अनेकांना रूक्ष वाटतो, पण वाटेवरच्या माणसांचे आयुष्य कळते ते येथेच. शहराच्या दक्षिणेला मिंगशा टेकड्यांतील चंद्रकोर तळे आहे. तेथे उंटांची आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी ठरलेली.

लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारसास्थानाचा दर्जा मिळाला. पर्यटकांच्या श्वासातील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांनी चित्रांना धोका पोहोचतो. म्हणून रोजची तिकिटे मर्यादित असतात, आधी माहितीपट दाखवतात आणि मग मार्गदर्शकाच्या विजेरीच्या उजेडात साधारणतः आठ लेणी पाहता येतात. आत छायाचित्रणास बंदी आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी नोंदणी आगाऊ करावी. प्रवास शक्य नसेल, तर स्टाइनने आणलेल्या दुनहुआंगच्या चित्रांचा काही भाग दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.