भोवळ येऊन बेशुद्ध पडणं : साधं कधी, धोक्याचं कधी? पहिल्या पाच मिनिटांत काय करावं, काय टाळावं

सिल्वासा : शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी रांगेतली एखादी मुलगी अचानक खाली बसते. कंपनीत शिफ्ट संपता संपता एखादा कामगार मशीनजवळ कोसळतो. लग्नाच्या मांडवात, रेशनच्या रांगेत, दवाखान्यात सुई टोचताना असे प्रकार नेहमी दिसतात. लगेच गर्दी जमते. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी चप्पल हुंगवायला सांगतं. दोन जण त्या माणसाला धरून उभं करतात आणि मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्याकडे निघतात. मदतीची भावना चांगलीच असते, पण यातल्या बऱ्याच गोष्टी उपयोगाच्या नाहीत आणि काही तर नुकसान करणाऱ्या आहेत.

भोवळ, घेरी, चक्कर, मूर्च्छा असे शब्द आपण सरसकट वापरतो. डॉक्टर मात्र फरक करतात. डोकं गरगरलं, पण शुद्ध होती, तर ती चक्कर. शुद्ध पूर्ण गेली, माणूस खाली पडला आणि थोड्या वेळात आपोआप भानावर आला, तर ती मूर्च्छा. तिला वैद्यकीय भाषेत ‘सिंकोप’ म्हणतात.

शुद्ध का जाते?

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतोच. रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. माणूस आडवा पडला की हृदय आणि डोकं एका पातळीवर येतात, रक्त पुन्हा मेंदूकडे पोचतं आणि बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत माणूस डोळे उघडतो. म्हणजे कोसळणं हा एका अर्थी शरीराचा स्वतःचा बचाव आहे. अशा माणसाला धरून उभं करणं किंवा दुचाकीवर ताठ बसवणं म्हणजे मेंदूकडे येणारं रक्त पुन्हा अडवणं.

सर्वांत नेहमीचं कारण

तरुण माणसांमध्ये बहुतेक वेळा कारण साधं असतं. फार वेळ उभं राहणं, उकाडा, गर्दी, भीती, रक्त दिसणं किंवा जोराचं दुखणं यामुळे शरीरातली एक मज्जासंस्थेची साखळी उलट काम करते. हृदयाचे ठोके मंदावतात, पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी एकदम उतरतं. याला ‘व्हॅसोव्हेगल’ मूर्च्छा म्हणतात. हिची आधी सूचना मिळते : मळमळ, जांभया, थंड घाम, कानात गुंई आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा पांढराफटक. काही लोकांना जोराच्या खोकल्याच्या उबळीत, रात्री उठून लघवी करताना किंवा शौचाला कुंथताना असंच होतं.

दुसरं कारण म्हणजे उठल्यावर बीपी पडणं. आपण उभे राहिलो की अर्धा लिटरच्या आसपास रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. शरीर ते लगेच सावरून घेतं. पण जुलाब-उलट्या झालेल्या असतील, दिवसभर पाणी पोटात नसेल, वय झालेलं असेल किंवा बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर सावरायला वेळ लागतो. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर डॉक्टर हा दोष असल्याचं धरतात. त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी खाटेवरून उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसावं. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

ऊन, दमट हवा आणि कारखाना

मसाट, रखोली, पिपरिया, नरोली, खडोली या पट्ट्यात हजारो कामगार उभ्याने काम करतात. समुद्र फार लांब नसल्यामुळे इथली हवा दमट असते. घाम येतो, पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. त्यात सकाळी नाश्ता न करता शिफ्टला जाणं आणि वारंवार बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं, विशेषतः महिला कामगारांमध्ये, ही भोवळ येण्याची पक्की तयारीच म्हणायची.

उन्हातली साधी भोवळ सावलीत झोपवल्यावर उतरते. उष्माघात वेगळा. त्यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर जातं, माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात आणि तो शुद्धीवर येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर १४ जणांचा जीव गेला. उन्हात कोसळलेल्या माणसाकडे ‘येईल शुद्धीवर’ म्हणून बघत बसणं किती महाग पडू शकतं, हे त्या दिवशी दिसलं. अंग भट्टीसारखं तापलेलं असेल तर कपडे कमी करून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा गार कपडा ठेवावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा.

कारखान्यात आणखी एक धोका आहे. टाकी, गटार, बंद खड्डा किंवा विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, तर ती भोवळ नसून विषारी वायूचा किंवा प्राणवायू कमी असल्याचा परिणाम असू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि सगळेच अडकतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘वास नाही, म्हणजे हवा चांगली’ हा समज जिवावर बेततो. साधनांशिवाय कुणीही आत उतरू नये. अग्निशमन दलाला बोलवावं.

रक्त कमी असणं आणि सिकलसेल

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. महिलांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणात ११ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. नुसत्या रक्तक्षयाने माणूस बेशुद्ध पडेलच असं नाही. पण शरीराची राखीव ताकद कमी होते आणि ऊन, उपवास, पाळी यांपैकी काहीही जोडीला आलं की भोवळ लवकर येते.

दादरा नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून थोडी जास्त लोकसंख्या आदिवासी आहे. वारली, धोडिया, कोकणा समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. पाणी कमी पडणं, ताप, अतिश्रम यामुळे सिकलसेलच्या रुग्णाला अचानक तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. अशा रुग्णाची शुद्ध गेली, एक हात-पाय लुळा पडला किंवा छातीत दुखून दम लागला, तर घरी थांबू नये. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. तपासणीचं कार्ड मिळालं असेल तर ते दवाखान्यात सोबत न्यावं.

दिसायला सारखं, पण वेगळं

साखर उतरणं : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं, किंवा उपाशीपोटी दारू-ताडी प्यायली, की रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. आधी थरथर, घाम, चिडचिड, मग गुंगी. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही देऊ नये, ते श्वासनलिकेत जातं.

फिट किंवा आकडी : साध्या भोवळीतही काही सेकंद हातपाय उडू शकतात, त्यामुळे लोक फसतात. फिटमध्ये झटके मिनिट-दोन मिनिटं चालतात, जीभ कडेला चावली जाते, चेहरा निळसर होतो आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. दातखिळी बसली म्हणून तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातात किल्ल्या देऊ नयेत, हातपाय दाबून धरू नयेत. डोक्याखाली मऊ कपडा ठेवावा आणि कुशीवर वळवावं. ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने दवाखाना.

साप : पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, जड पापण्या, अडखळती जीभ अशा तक्रारी करत गळून गेला, तर मण्यार चावलेली असू शकते. तिच्या दंशाची खूण कधी कधी दिसतही नाही. भगताकडे नेण्यात गेलेला वेळ इथे परत मिळत नाही. सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावं.

हृदयाचा इशारा कसा ओळखावा?

भोवळ आलेल्यांपैकी थोड्यांच्याच बाबतीत कारण हृदयात असतं, पण जीव जाण्याचा धोका तिथेच जास्त. पुढीलपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढावा :

– धावताना, ओझं उचलताना किंवा खेळताना शुद्ध गेली.
– झोपलेल्या अवस्थेत शुद्ध गेली.
– कसलीही सूचना न मिळता धाडकन पडून तोंडाला लागलं.
– आधी छातीत दुखलं, धडधडलं किंवा दम लागला.
– घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला आहे.
– वय जास्त आहे किंवा आधीपासून हृदयविकार आहे.

यासोबत काळी शौच किंवा रक्ताची उलटी, अचानक भयंकर डोकेदुखी, एक बाजू लुळी पडणं, डोक्याला मार, गरोदरपण, किंवा पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात दुखून भोवळ येणं हीसुद्धा तातडीची लक्षणं आहेत. शेवटच्या प्रकारात गर्भनलिकेत गर्भ राहून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

पहिल्या पाच मिनिटांत काय करावं?

१. गर्दी हटवा. माणसाला सपाट जागेवर आडवं करा, श्वास बघा. श्वास व्यवस्थित असेल तर पाय फूटभर उंच करा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा.
२. गळ्याचं बटण, पट्टा, घट्ट ओढणी सैल करा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.
३. पूर्ण भान येईपर्यंत पाणी, चहा, साखर काहीही तोंडात घालू नका.
४. श्वास नसेल किंवा नुसतेच आचके येत असतील तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मधोमध जोराने दाब द्यायला सुरुवात करा : मिनिटाला १०० ते १२०, सुमारे ५ सेंटिमीटर खोल.
५. शुद्ध आल्यावर लगेच उभं करू नका. १०-१५ मिनिटं आडवं, मग बसवून, मग उभं.

एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर वाट न बघता ॲम्ब्युलन्स बोलवावी. शक्य तिथे दुचाकी टाळावी आणि रुग्णाला आडवं ठेवूनच न्यावं.

डॉक्टरांना काय सांगावं?

तपासणीत सर्वांत उपयोगी पडते ती पडताना बघणाऱ्याने दिलेली माहिती. म्हणून रुग्णासोबत प्रत्यक्ष बघणारा माणूस जावा. पडण्याआधी तो काय करत होता, रंग कसा झाला, झटके किती वेळ आले, शुद्ध किती वेळाने आली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं नीट सांगितलं तरी निम्मं काम होतं. झोपून आणि उभ्याने बीपी, ईसीजी, साखर, हिमोग्लोबिन या साध्या तपासण्यांतून बऱ्याच वेळा कारण कळतं. प्रत्येकाला डोक्याचा सीटी स्कॅन लागतोच असं नाही.

ज्यांना वारंवार भोवळ येते त्यांनी कारण कळेपर्यंत गाडी चालवू नये, उंचावर चढू नये, नदीत किंवा विहिरीत एकट्याने पोहू नये. अंधारी येतेय असं वाटलं की लाज न बाळगता तिथेच खाली बसावं किंवा आडवं व्हावं. बसायला जागा नसेल तर पाय एकमेकांवर घट्ट आवळावेत, मुठी दाबून धराव्यात, त्याने बीपी काही क्षण टिकतं. सकाळी काहीतरी खाऊनच घर सोडावं, उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत असावी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण टाकावं, अर्धं-अर्धं करू नये. सुपरवायझर आणि शिक्षकांनीही एवढं बघावं की ‘मला कसंतरी होतंय’ म्हणणाऱ्या माणसाला बसायला मिळेल.