वाळूवरचे व्हेनिस

व्हेनिस हे नाव उच्चारताच इटलीतील त्या जलनगरीचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पाण्यातून वर आलेले प्रासाद, कमानीचे पूल, आणि काळ्या, निमुळत्या गोंडोला नावा. परंतु आज मी ज्या व्हेनिसविषयी बोलणार आहे ते एड्रियाटिक समुद्राच्या नव्हे, तर पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस या अफाट पसरलेल्या शहराचा तो पश्चिमेकडील एक भाग. आपल्याकडे जसे दादर किंवा गिरगाव, तसे ते तिथले व्हेनिस. मात्र तेथे जाऊन आलेला मनुष्य त्याला नुसता 'भाग' म्हणावयास सहसा तयार होत नाही.

त्या शहरात माझा एक मावसभाऊ राहतो. शनिवार-रविवार हाताशी मोकळे होते, म्हणून मी व्हेनिसला जाण्याचा बेत त्याला बोलून दाखवला. तो हसून म्हणाला, ''दादा, तिथे माणसांखेरीज पाहायला काही नाही.'' तो हे मला परावृत्त करण्यासाठी बोलला, पण माझा बेत त्यामुळेच पक्का झाला.

शनिवारी सकाळी मी समुद्रकाठच्या रुंद पायवाटेवर जाऊन उभा राहिलो. एका बाजूस वाळूचा विस्तीर्ण पट्टा आणि त्यापलीकडे निळा महासागर. दुसऱ्या बाजूस दुकाने, चित्रे, भविष्य सांगणाऱ्यांच्या छत्र्या. मधल्या वाटेवरून माणसांचा लोंढा वाहत होता. चाकांचे बूट घालून गिटार वाजवीत जाणारा एक गृहस्थ, भर उन्हात एका जागी पुतळ्यासारखी निश्चल उभी असलेली एक मुलगी, खांद्यावर अजगर घेतलेला एक तरुण. थोड्या अंतरावर लोखंडी कठड्याच्या आत उघड्यावर वजने उचलणारे पहिलवान होते, आणि कठड्याबाहेर त्यांना न्याहाळणारे प्रेक्षक. आपल्या आखाड्यात तांबडी माती आणि मारुतीची तसबीर असते. येथे हौदाऐवजी सिमेंट, आणि मारुतीच्या जागी सूर्य. पण अंगावरच्या घामाची आणि मनातल्या अभिमानाची जात मात्र तीच होती.

हे सारे पाहताना प्रथम वाटते की, ही गंमत आपोआप साचत गेली असावी. तिला ना आराखडा, ना उद्देश. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमेरिकेत एवढ्या गंभीर उद्देशाने वसवलेली गावे थोडीच सापडतील.

ॲबट किनी हा या गावाचा जनक. तो १८५० साली जन्मला. सिगारेटच्या व्यापारात त्याच्या घराण्याने अमाप पैसा मिळवला होता. आणि दैवाचा विनोद असा की, या तंबाखूच्या व्यापाऱ्याला दम्याचा विकार होता. हवापालटासाठी फिरत फिरत तो १८८० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आला आणि तेथेच स्थायिक झाला. तो नुसता धनिक नव्हता. त्याला झाडांचे वेड होते, ग्रंथांचे प्रेम होते. हेलन हंट जॅक्सन या लेखिकेबरोबर त्याने कॅलिफोर्नियातील आदिवासींच्या वस्त्या पाहिल्या होत्या, आणि त्यांच्यावरील अन्यायाचा जो वृत्तांत १८८३ मध्ये सरकारला सादर झाला, त्यात त्याचा वाटा होता.

पुढे समुद्रकाठच्या जमिनीच्या धंद्यात त्याचे भागीदारांशी पटेना. वाटणी नाणे उडवून झाली, असे सांगतात. कौल किनीच्या बाजूने पडला, आणि त्याने बांधलेली, वसलेली बाजू सोडून दक्षिणेकडची दलदल मागून घेतली. भागीदारांनी त्याला वेड्यात काढले असल्यास नवल नाही. पण दलदलीत कालवे खणता येतात, आणि कालवे असले की व्हेनिस उभे करता येते, हे त्याच्या मनाने केव्हाच घेतले होते. धक्का, सभागृह, कमानींची इमारतरांग असे काम झपाट्याने सुरू झाले. १९०५ च्या आरंभी वादळाने धक्का मोडून टाकला. तरीही ठरल्या दिवशी, म्हणजे ४ जुलै १९०५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, 'अमेरिकेचे व्हेनिस' लोकांसाठी खुले झाले. कालव्यांत समुद्राचे पाणी खेळत होते, खास इटलीहून आणलेले नावाडी गोंडोला वल्हवीत होते, आणि एक चिमुकली आगगाडी गावभर धावत होती.

या शोभेमागे किनीचा हेतू लोकशिक्षणाचा होता. लोकांनी समुद्रावर यावे, विद्वानांची व्याख्याने ऐकावीत, उत्तम संगीत ऐकावे, आणि सुसंस्कृत होऊन घरी परतावे, अशी त्याची योजना होती. पहिल्या उन्हाळ्यात तशी व्याख्यानमाला त्याने भरवलीही. आपल्याकडे वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या माणसाला या गृहस्थाविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहत नाही. दुर्दैवाने श्रोते समुद्रात डुंबत राहिले आणि सभागृह रिकामे राहिले. किनी व्यवहारी होता. त्याने लोकांचा कल ओळखला, आणि थोड्याच काळात व्याख्यानांची जागा पाळण्यांनी, घसरगाड्यांनी आणि नाचघरांनी घेतली. गावाच्या स्वभावाला जे वळण लागले ते त्या वेळी लागले. संस्थापकाने लोकांना घडवावे म्हणून गाव बांधले. लोकांनी गावालाच आपल्यासारखे करून घेतले.

१९१४ च्या फेब्रुवारीत एक लहानसा मूकपट प्रदर्शित झाला. व्हेनिसमध्ये भरलेल्या मुलांच्या गाड्यांच्या शर्यतीत तो चित्रित केलेला होता. त्यात ढगळ विजार, आखूड कोट आणि हातात वेताची छडी असलेला एक भटक्या पुनःपुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला हाकलले तरी तो परत येतो. तो चार्ली चॅप्लिन. जगाने त्याला त्या वेषात पडद्यावर प्रथम पाहिले ते या चित्रपटात. सर्वांनी आपल्याला पाहावे म्हणून धडपडणारा, आणि ज्याला बाजूस सारण्यासाठी सर्व धडपडतात असा तो मनुष्य! व्हेनिसच्या पुढील शतकाचे सार मला त्या एका आकृतीत दिसते.

किनी १९२० च्या नोव्हेंबरात वारला. पुढच्याच महिन्यात त्याचा धक्का आगीत भस्मसात झाला. धक्का पुन्हा उभारला गेला, पण गावाचा कारभार कोलमडत चालला होता. अखेर मतदान होऊन १९२६ च्या सुमारास व्हेनिस लॉस एंजेलिस शहरात विलीन झाले. कालव्यांतले पाणी नीट खेळत नसे, आरोग्याच्या तक्रारी होत्या. शिवाय आता मोटारींचे युग आले होते आणि मोटारीला पाणी नको, रस्ता हवा होता. रहिवाशांनी न्यायालयापर्यंत विरोध केला. तो निष्फळ ठरून १९२९ मध्ये किनीचे बहुतेक कालवे बुजवण्यात आले. गोंडोला जेथून फिरत, तेथून डांबरी रस्ते गेले. मुख्य सरोवराच्या जागी वाहनांचा चौक झाला. त्याच सुमारास परिसरात खनिज तेल सापडले, आणि किनाऱ्यावर तेलविहिरींच्या मनोऱ्यांचे रान माजले. ऑर्सन वेल्स याला १९५८ साली प्रदर्शित झालेल्या 'टच ऑफ ईव्हिल' या चित्रपटासाठी मेक्सिकोच्या सरहद्दीवरचे एक बकाल गाव हवे होते. त्याने ते व्हेनिसमध्ये चित्रित केले.

या पडझडीचा एक परिणाम असा झाला की, भाडी उतरली. जेथे भाडी उतरतात तेथे म्हातारे, स्थलांतरित आणि कवी येतात. पूर्व युरोपातून आलेले वृद्ध ज्यू येथे समुद्रावर ऊन खात दिवस काढू लागले. १९५० नंतरच्या दशकात 'बीट' म्हणविणारे कवी व चित्रकार आले. लॉरेन्स लिप्टन याने १९५९ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, आणि त्यांना पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागली. शेजारच्या प्रतिष्ठितांना हे रुचेना. मग उपाहारगृहात कविता वाचणे हा करमणुकीचा कार्यक्रम ठरतो की काय, आणि त्यास परवाना लागतो की काय, असा प्रश्न उपस्थित झाला. ज्या गावात व्याख्यानांना श्रोते मिळाले नाहीत, तेथे अर्ध्या शतकाने काव्यवाचन थांबवण्यासाठी कायदा शोधावा लागला, हे ऐकून किनी खचित सुखावला असता.

शेजारच्या सँटा मोनिकातील पहिलवानांचा आखाडा १९५९ मध्ये बंद पडला. त्यांनाही व्हेनिसने जागा दिली. १९६५ मध्ये 'डोअर्स' या वाद्यवृंदाची कल्पना दोघा तरुणांच्या मनात आली ती याच वाळूवर. १९७० नंतर चाकांच्या फळीवरून कसरती करणारी गरीब घरची पोरे येथल्या उतारांवर नवी विद्या शिकली. जे कोठेही सामावत नव्हते ते येथे सामावले, असे व्हेनिसविषयी नेहमी म्हटले जाते. ते बव्हंशी खरेही आहे.

बव्हंशी म्हणालो, कारण रविवारी सकाळी मी वाळूकडे पाठ करून गावात शिरलो. समुद्रापासून थोड्या अंतरावर ओकवुड नावाची वस्ती आहे. धक्का आणि कालवे ज्यांच्या श्रमाने उभे राहिले व चालले, त्यांत कृष्णवर्णीय कामगार पुष्कळ होते. गावातील उत्सवांची आरास करणारा आर्थर रीस हा त्यांपैकीच. अर्व्हिंग टेबर हा किनीचा मोटारचालक. मालकाचा मोठा विश्वासू. किनीनंतर त्याचे कालव्याकाठचे घर टेबरकडे आले. परंतु त्या भागात कृष्णवर्णीयास राहता येत नव्हते. तेव्हा टेबरने काय करावे? त्याने घरच उचलले आणि ओकवुडमध्ये नेऊन ठेवले. संस्थापकाचे घर त्याच्याच गावात कालव्याकाठी राहू शकले नाही, कारण त्याचा नवा मालक काळा होता. सर्वांना जागा देणाऱ्या गावाच्या नकाशावर ही रेघ त्या काळी स्पष्ट होती.

आणखी पुढे लिंकन आणि व्हेनिस या दोन हमरस्त्यांच्या कोपऱ्यावर एक काळा पाषाणस्तंभ आहे. १९४२ च्या एप्रिलमध्ये आसपासच्या हजाराहून अधिक जपानी वंशाच्या नागरिकांना, हातात मावेल तेवढेच सामान घेऊन, येथे जमण्याचा हुकूम झाला. येथून बसगाड्यांत बसवून त्यांना मांझनार येथील छावणीत नेण्यात आले. तो स्तंभ उभा राहण्यास २०१७ साल उजाडले. त्याच्यापाशी गर्दी नव्हती. मी एकटाच उभा होतो, आणि वाहने वेगाने जात होती.

त्या वृद्ध ज्यूंची कथाही अशीच आहे. बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यात वावरून त्यांच्यावर बोलपट केला, १९७८ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे एकदा सायकलच्या धक्क्याने त्यांच्यातील एक वृद्धा मरण पावली. आपल्याला ती दिसलीच नाही, असे सायकलस्वार म्हणाला. तेव्हा त्या थकल्याभागल्या माणसांनी समुद्रकाठच्या वाटेवरून मिरवणूक काढली. त्यांचे मागणे एवढेच होते की, आम्ही येथे आहोत, आमच्याकडे पाहा.

राहिलेले सहा कालवे मी सर्वांत शेवटी पाहिले. वस्ती विरळ असल्यामुळे ते बुजवण्याचा खर्च कोणी केला नाही, म्हणून ते वाचले. १९८२ मध्ये त्यांची ऐतिहासिक वारसा म्हणून नोंद झाली, आणि डागडुजी होऊन १९९३ साली ते पुन्हा खुले झाले. पाणी स्वच्छ, पूल टुमदार, काठावर फुलझाडे. बदके संथपणे फिरत होती. आता या घरांच्या किमती सामान्य माणसाच्या स्वप्नातही मावणार नाहीत. कवींना व म्हाताऱ्यांना ज्या स्वस्ताईने येथे आणले ती संपली, आणि ज्यांच्यामुळे जागेला मोल आले त्यांनाच ते मोल परवडेनासे झाले. ओकवुडमधील जुनी कुटुंबेही विरळ होत चालली आहेत. निवारा नसलेली माणसे वाळूजवळ तंबू ठोकून राहू लागली, तेव्हा त्यांची मोठी वसाहत २०२१ च्या उन्हाळ्यात हटवण्यात आली. मी गेलो तेव्हाही, एका सुंदर भित्तिचित्राच्या पायथ्याशी, घोंगडी पांघरून कोणीतरी निजले होते. लोक चित्राची छायाचित्रे घेत होते, आणि घोंगडी छायाचित्रात येऊ नये म्हणून जरा बाजूस सरकत होते. मीही सरकलो, हे येथे सांगितले पाहिजे.

रविवारच्या सायंकाळी वाळूवर ढोल घेऊन माणसे जमली. कोणी बोलावले नव्हते, कोणी म्होरक्या नव्हता. ज्याला जो ठेका सुचला तो त्याने धरला, आणि हळूहळू सर्वांचा एक ताल झाला. सूर्य महासागरात उतरत होता. त्या वर्तुळात वर्ण, वय, पैसा यांची विचारपूस कोणी करीत नव्हते. हे दृश्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. किनीला जे व्याख्यानांनी साधले नाही ते घटकाभर येथे साधले होते. पण अंधार पडल्यावर वर्तुळ मोडले. काही जण मोटारींकडे गेले, काही कालव्यांकडे, काही ओकवुडकडे, आणि काही तेथेच राहिले.

घरी परतल्यावर मावसभावाने विचारले, ''काय दादा, काय पाहिलेत?'' मी म्हणालो, ''तू म्हणालास तेच. माणसे. मात्र सगळी दिसायला दोन दिवस लागले.''