शोधणारे दरवान: शेलमधल्या यादीची गोष्ट

युनिक्सच्या शेलमध्ये एक शब्द आहे, जो पहिल्यांदा पाहणाऱ्याला छपाईची चूक वाटतो. ‘केस’ या शब्दाची सी, ए, एस, ई ही चार इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की ‘ईसॅक’ होते. केसने सुरू झालेला मजकूर ईसॅकने संपतो, ‘इफ’ने सुरू झालेला ‘फी’ने. ही करामत स्टीफन बोर्न यांची. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर त्यांचा शेल बाहेर पडला. त्याआधी केंब्रिजमध्ये ते अल्गोल ६८ या भाषेच्या कंपायलरवर काम करत होते आणि उघडलेले दार उलट्या शब्दाने बंद करायची पद्धत त्या भाषेतली. ‘डू’ला मात्र उलटे करून ‘ओडी’ करता आले नाही. त्या नावाची कमांड युनिक्समध्ये आधीपासून होती, म्हणून तिथे ‘डन’ आले.

या गमतीच्या आड एक महत्त्वाची सोय होती. माणसाने टाइप केलेला शब्द आपल्याला मान्य असलेल्या शब्दांपैकी आहे का, हे विचारायला शेलला एक सुटसुटीत वाक्यरचना मिळाली होती.

शेल म्हणजे आपण टाइप केलेला हुकूम संगणकाला समजावणारा दुभाष्या. असे हुकूम एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवले की ती झाली स्क्रिप्ट. समजा, एक स्क्रिप्ट जिल्ह्याचे नाव विचारते आणि त्या जिल्ह्याच्या फोल्डरमधले जुने अर्ज पुसून टाकते. टाइप करणाऱ्याने ‘बीड’ लिहिले तर ठीक. त्याने नुसती एक फुली लिहिली आणि स्क्रिप्टने ती तशीच पुढे सरकवली, तर शेल तिचा अर्थ ‘सगळे’ असा घेतो. बीडबरोबर जालना, लातूर, परभणीही पुसले जातात आणि बॅकअप नसेल तर परत येत नाहीत. म्हणून यादीशी ताडून पाहणे हा साधा शिष्टाचार नाही, तो दरवान आहे.

१९७१ साली केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या पहिल्या शेलमध्ये दरवानाला उभे राहायला जागाच नव्हती. ‘इफ’ आणि ‘गोटू’ हे तेव्हा शेलचे भागसुद्धा नव्हते, बाहेरचे स्वतंत्र प्रोग्राम होते. गोटू हा प्रोग्राम स्क्रिप्टच्या फाइलमध्ये हवी ती खूण शोधायचा आणि वाचण्याची जागा तिथे नेऊन ठेवायचा. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातातली पाने दुसऱ्यानेच उलटावीत, तसा हा प्रकार. आश्चर्य म्हणजे तो चालायचा. बेल लॅब्जमधल्या त्या खोल्यांत वापरणारे मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे होते, त्यामुळे कोण काय टाइप करील याची धास्ती कोणाला असणार?

माझे म्हणणे असे आहे की शेलमध्ये दरवान म्हणून जे जे उभे केले गेले, ते सगळे मुळात शोध घेणारे होते. शोधणाऱ्याला मिळतेजुळते सापडले तरी आनंद होतो. दरवानाला मिळतेजुळते चालत नाही.

ग्रेप घ्या. थॉम्पसन यांनीच १९७३ च्या सुमारास ती कमांड ‘ईडी’ या संपादकातून वेगळी काढली. नावही त्या संपादकातल्या ‘जी, आरई, पी’ या हुकुमावरून पडले. मोठ्या मजकुरात एखादा नमुना कुठे कुठे आहे ते दाखवणे हे तिचे काम. तिला यादीची फाइल देऊन ‘हे नाव आहे का’ विचारले, तर ती उत्तर देते ‘असे काहीतरी कुठेतरी आहे का’ या प्रश्नाचे. यादीत ‘नाशिक’ असेल तर ‘शिक’ही पास. एक टिंब टाइप केले तरी पास, कारण ग्रेपच्या भाषेत टिंब म्हणजे कोणतेही अक्षर. काहीच न लिहिता नुसते एंटर दाबले तरीही पास, कारण रिकामा नमुना प्रत्येक ओळीत सापडतो.

तिची बहीण एफग्रेप नमुने मानत नाही, अक्षरे जशीच्या तशी पाहते. तिचा पाया आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांच्या १९७५ च्या शोधनिबंधात आहे, आणि तो निबंध लिहिला गेला ग्रंथसूचीत शोध घेण्याच्या कामासाठी. म्हणजे पुन्हा शोधच! पूर्ण ओळ जुळली तरच हो म्हण, असे वेगळे बजावावे लागते. एवढे बजावूनही एक फट राहते. दिलेल्या इनपुटमध्ये दोन ओळी असतील तर ग्रेप त्यांना दोन वेगळे शब्द समजते आणि त्यातला एक यादीत असला की दार उघडते. पहिल्या ओळीत ‘लातूर’ आणि दुसरीत काहीही. हाताने टाइप करताना हे सहसा होत नाही, पण वेबवरच्या फॉर्ममधून सहज होते.

नवे लोक आणखी एक युक्ती करतात. सगळी नावे जागा सोडून एका ओळीत लिहायची आणि आपला शब्द त्या ओळीत आहे का पाहायचे. मग ‘जालना लातूर’ हा जोडशब्दही खरा ठरतो, कारण यादीत ती दोन नावे शेजारी आहेत.

बोर्न यांचा केसही या घराण्यापासून पुरता सुटलेला नाही. त्यातली फुली आणि प्रश्नचिन्ह फाइलींची नावे शोधण्याच्या पद्धतीतून आली. मात्र मान्य नावे अवतरणात, एकेक करून लिहिली आणि मध्ये उभी रेघ दिली, तर केस अक्षर न् अक्षर ताडतो. शेवटी एकटी फुली लिहून ‘बाकी सगळ्यांना नाही’ म्हणता येते. जी फुली फोल्डर पुसायला निघाली होती, तीच इथे दार लावून घेते. माझ्या मते छोट्या यादीसाठी यापेक्षा चांगले काही पुढच्या चार दशकांत आले नाही.

दरवान चोख असूनही फसवणूक होऊ शकते, हे सप्टेंबर २०१४ मध्ये दिसले. स्टेफान शाझला यांनी बॅश या शेलमधला एक दोष शोधला, जो पुढे ‘शेलशॉक’ नावाने गाजला. सुरू होताना मिळालेल्या माहितीत दडवलेला हुकूम बॅश स्क्रिप्टची पहिली ओळ वाचण्याआधीच बजावत असे. दोष १९८९ पासून होता. आत लिहिलेली यादी कितीही नेटकी असली तरी तिची पाळी येईपर्यंत पाहुणा घरात आलेला असे.

आणि यादी? ‘यादी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, मुळात ‘याद’, म्हणजे आठवण. आठवणीप्रमाणे यादीही जुनी होते. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. नामांतराच्या वादाबद्दल इथे लिहायचे नाही. मला विचार येतो तो ज्याच्या दाखल्यावर जुने नाव छापलेले आहे त्याचा. यादीत फक्त नवे नाव असेल तर स्क्रिप्ट त्याला ‘असा जिल्हा नाही’ असे सांगते, आणि पलीकडे हुज्जत घालायला माणूस नसतो.

आपल्या नावांचा त्रास याहून बारीक आहे. ‘ज़ाकिर’ मधला नुक्त्याचा ज युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा ज आणि त्याखाली वेगळा नुक्ता म्हणून. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक दिसतात. शेल बाइट पाहतो, तेव्हा यादीत एक तऱ्हा असेल आणि तुमच्या कळफलकाने दुसरी लिहिली, तर डोळ्यांदेखत बरोबर असलेले नाव नाकारले जाते. कोणी नुक्ता देतच नाही, ती तिसरी तऱ्हा.

यावर उपाय त्या जुन्या केसमध्येच आहे. उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. औरंगाबाद, उभी रेघ, छत्रपती संभाजीनगर. दोन्ही नावे एकाच फोल्डरकडे जातात. ज़ाकिरच्या तिन्ही तऱ्हाही अशाच एका ओळीत बसतात. टाइप करायला फार तर एक मिनिट लागते.