वर्गांना अंक देण्याचा इतिहास

अनेक चलांची माहिती मोजक्या अक्षांवर आणणाऱ्या प्रमुख घटक विश्लेषणाचा भूमितीय पाया कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये घातला आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये त्याला आजचे रूप दिले. मात्र चल मोजता येतो, हे दोघांनीही गृहीत धरले होते. व्यवसाय किंवा डोळ्यांचा रंग अशा वर्गीय चलांची मूल्ये ही केवळ नावे असतात, आणि नावांची सरासरी काढता येत नाही.

या अडचणीवरचा सर्वांत बोलका प्रयोग रोनाल्ड फिशर यांचा आहे. स्कॉटलंडमधील केथनेस परगण्यातील ५,३८७ मुलांची डोळ्यांच्या चार व केसांच्या पाच रंगांनुसार केलेली वर्गवारी त्यांनी १९४० मध्ये घेतली आणि दोन्ही चलांमधील सहसंबंध कमाल होईल असे अंक प्रत्येक वर्गासाठी माहितीतूनच काढले. त्यात तांबड्या व मध्यम केसांमधील अंतर अल्प आले, मध्यम व गडद केसांमधील अंतर त्याच्या तिपटीहून मोठे आले, आणि निळे व फिके डोळे जवळजवळ एकाच जागी येऊन बसले. एक, दोन, तीन असे समान अंतराचे अंक आधीच दिले असते, तर यांतले काहीच दिसले नसते.

लुई गटमन यांनी १९४१ मध्ये ही कल्पना अनेक चलांपर्यंत नेली. पुढे फ्रान्समधील रेन येथे झाँ-पॉल बेंझेक्री आणि ब्रिजित एस्कोफिए यांनी १९६०च्या दशकात अनुरूपता विश्लेषण, म्हणजे तक्त्यातील ओळी व स्तंभ एकाच नकाशावर मांडण्याची पद्धत, उभी केली.

‘आर’ या संगणकप्रणालीतील प्रमुख घटक विश्लेषणाची नेहमीची आज्ञा शब्दांचा स्तंभ नाकारते, तेव्हा घाईने वर्गांना क्रमांक दिले की सूचना नाहीशी होते आणि दोष तेवढा उरतो. खरा उपाय बहुचल अनुरूपता विश्लेषणाचा, म्हणजे अनेक वर्गीय चलांसाठी वाढवलेल्या अनुरूपता विश्लेषणाचा आहे. तिथेही पहिल्या अक्षाची टक्केवारी पाहून अभ्यासक विनाकारण खचतात. प्रत्येकी चार पर्यायांचे दहा प्रश्न असतील, तर एकूण पसारा, म्हणजे माहितीतील एकूण विचरण, ३ भरतो आणि कोणत्याही अक्षाचा वाटा १ पेक्षा अधिक होऊ शकत नाही, त्यामुळे उत्तरे कितीही सुसंगत असली तरी पहिला अक्ष ३३.३ टक्क्यांपुढे जात नाही. बेंझेक्री यांनी सुचवलेल्या दुरुस्तीत म्हणूनच एक भागिले प्रश्नसंख्या, म्हणजे या उदाहरणात ०.१, याहून मोठे वाटेच विचारात घेऊन टक्केवारी नव्याने काढली जाते.