दिनविशेष : १ जानेवारी १९५४ – बार्शी लाइट रेल्वे सरकारकडे

खासगी कंपनीची बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये आजच्या दिवशी भारत सरकारच्या मालकीची होऊन मध्य रेल्वेत आली. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू केली. एका आसावर पाचच टन भार. त्यामुळे रूळ हलके, खर्चही कमी. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. खोळंबा व्हायचा तो कुर्डुवाडीला. तिथे रुळांची रुंदी बदलत असल्याने कापसाच्या गाठी, तेलबियांची पोती छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावी लागत. २००० नंतर टप्प्याटप्प्याने मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ही चढउतार थांबली.