ढेकणांचा वाडा, कोळ्याची ढोली

1772 चा पावसाळा सरत आलाय. तिकडे देशावर माधवराव पेशवे क्षयानं झिजताहेत आणि तुम्ही सुरतेत, पांजरपोळाच्या उंच भिंतीपाशी उभे आहात. काखेत ॲक्रिलिकची रिकामी पेटी आहे: 30 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद, 45 उंच. तिच्यात झाडावर राहणारा टॅरँटुला ठेवायचं तुमच्या मनात आहे. आत काय काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून तर हा प्रवास. येणारेजाणारे पेटीकडे बघतात, पण कुणी थांबत नाही. बंदराचं गाव आहे, इथं रोज काहीतरी नवलाचं उतरतं.

आत चला. एकामागून एक चौक लागतात. लंगडे बैल, पाठ सोललेले घोडे, खेचरं, बकऱ्या, माकडं, कबुतरं. एका कोपऱ्यात कासव आहे. ते 75 वर्षं इथंच आहे म्हणतात; म्हणजे जिंजीला वेढा पडला होता तेव्हापासूनचं. शेणाचा, ओल्या गवताचा आणि औषधी तेलाचा वास अंगाला चिकटतो. चौथाईच्या वसुलीमुळे या शहरात मराठी बोलणारी माणसं आहेतच. त्यातलाच एक कारकून तुम्हाला शेवटच्या दालनाच्या दारापर्यंत आणून सोडतो आणि स्वतः दोन पावलं मागे सरतो.

हे दालन उंदरांचं, पिसवांचं आणि ढेकणांचं. दाराशी एका भिकाऱ्याशी सौदा चाललाय. ठरलेले पैसे घ्यायचे, रात्रभर आत झोपायचं, आणि काहीही चावलं तरी मारायचं नाही. जेम्स फोर्ब्झ नावाचा कंपनी सरकारचा तरुण नोकर पुढे हे सगळं आपल्या ग्रंथात लिहिणार आहे. त्याच्याआधी ऐंशीएक वर्षं येऊन गेलेल्या ओव्हिंग्टन पाद्र्यानं तर लिहिलंय की माणूस मध्येच उठून पळू नये म्हणून त्याला खाटेला बांधत.

कारकून तुमच्या पेटीवर बोटानं टकटक करतो. "यात काय ठेवणार?"

"कोळी. झाडावरचा, तळहाताएवढा."

"मग एवढी आरपार कशाला? त्याला दिसावं म्हणून, की तुम्हाला?"

उत्तर देऊ नका. प्रश्न बरोबर घेऊन पुढे निघा.

1823. तेच आवार, पण आता कंपनीच्या फौजेतला अलेक्झांडर बर्न्स इथं पाहुणा आहे आणि तो मापं घेतोय. आत शिरताच डाव्या हाताला सुमारे 25 फूट लांबीचं घर. त्याची फळ्यांची जमीन आठेक फूट उंच उचललेली आणि खालची पोकळी धान्यानं भरलेली. श्रद्धाळू बनिये धान्य ओतत राहतात, त्यावर किडे पोसले जातात. फळीच्या फटीतून आत हात घातलात तर ढीग वळवळतो. किड्यांसाठी मुद्दाम बांधलेलं इतकं जुनं घर मला तरी दुसरं माहीत नाही. दयेच्या बाबतीत त्याला तोड नाही, पण घर म्हणून ते वाईटच: दमट, कोंदट, आणि गर्दीला अंत नाही. ढेकणाला चालेल. झाडावरचा कोळी तिथं फार टिकणार नाही, कारण त्याला ओल चालते, पण साचलेली हवा चालत नाही. पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, एकीला खाली आणि दुसरीला वर, बारीक भोकं पाडायची ती यासाठी. नुसतं झाकणाला भोकं पाडली की तळाची हवा हलत नाही आणि बुरशी धरते.

1899 मध्ये फार वेळ थांबायचं नाही. गुत्ती, म्हणजे मुरारराव घोरपड्यांची गुत्ती. आता तिथं रेल्वे आहे, आणि रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत धातूसारखी निळी झाक असलेला एक कोळी सापडलाय. लंडनच्या संग्रहालयातला पोकॉक त्याचं शास्त्रीय वर्णन करतो. आपल्या सह्याद्रीतल्या 'पोइसिलोथेरिया रेगॅलिस'चंही त्याच वर्षी. वखारीवरून नाव पडलं म्हणून तो निळा कोळी गुत्तीचा ठरला. पुढे शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या रानात तो पुन्हा हाती लागला, गुत्तीपासून शंभरेक किलोमीटर लांब. बहुधा ओंडक्याच्या पोकळीत बसून तो गाडीनं वखारीत आला होता. झाड तोडलं, लादलं, उतरवलं, तरी त्यानं भोक सोडलं नाही. पेटीत पहिली वस्तू कोणती जायची हे इथं ठरतं.

आता आजच्या पावसाळ्यात या. सुरतेहून पूर्वेला, सह्याद्री जिथं डांगात उतरतो तिथलं साग-ऐनाचं रान. रात्र. तुमच्या टॉर्चवर तांबडा कागद गुंडाळलेला आहे. एका जुन्या ऐनाला छातीएवढ्या उंचीवर ढोली आहे, जेमतेम चार बोटं रुंद, आणि तिच्या काठावर रेशमाचा पातळ पडदा. पडद्याबाहेर 'रेगॅलिस'च्या पायांची टोकं टेकलेली. पुढच्या पायांच्या खालच्या अंगाला पिवळा रंग आहे, पण तो दिसला तर मागे सरा. पाय उचलून पिवळं दाखवणं ही ताकीद असते. अमेरिकेतल्या टॅरँटुलांसारखे खाज आणणारे केस याला नाहीत, म्हणून तो दोनच गोष्टींवर विसंबतो: वेग आणि विष. याचा दंश जीव घेत नाही, पण स्नायूंत गोळे येतात आणि ते दुखणं कित्येक दिवस परत परत डोकं काढतं.

ढोलीत बोट घालू नका, नजर घाला. वरचा भाग कोरडा, तळाशी पावसानं कुजलेला पाला. अंधार दिवसाही तसाच. आईजवळ पिल्लं एकत्र राहिलेलीही सापडतात. भक्ष्य दाराशी येतं, धनी क्वचितच लांब जातो. रुंदीची त्याला गरज नाही, उंची हवी.

सुरतेच्या उधन्यातल्या तुमच्या फ्लॅटवर परतलात की हात चालवा. तळाला आठेक सेंटिमीटर कोकोपीट, हाताला ओलसर लागेल पण पिळल्यावर पाणी गळणार नाही असं. त्यावर झाडाच्या सालीची पोकळ नळी, जवळजवळ उभी, मागच्या भिंतीला टेकवून. तिचं खालचं टोक मातीत रुतलेलं, म्हणजे कोळ्याला वरची कोरडी जागा आणि खालची ओल यांत निवड करता येते. तोंडाशी दोनचार डहाळ्या आणि प्लास्टिकची पानं, जाळं अडकवायला. पाण्याची लहान वाटी. बस्स. दिवा नको, हीटर तर सुरतेत नकोच. एप्रिल-मेमध्ये उलट पश्चिमेच्या भिंतीपासून पेटी लांब हलवावी लागेल. रोज फवारा मारायची हौसही आवरा. एका कोपऱ्यातली माती अधूनमधून भिजवली की पुरे. खायला आठवडा-दहा दिवसांनी एखादा रातकिडा, कोळ्याच्या पोटापेक्षा मोठा नको. औषध मारलेलं घरातलं झुरळ तर कधीच नको. खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी किडा बाहेर काढा, कारण कात टाकणारा कोळी मऊ असतो आणि भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडतो.

आणि हे सगळं कोणासाठी? डांगातल्या त्या ढोलीतल्या कोळ्यासाठी नाही. त्याचं घर तयार आहे, त्याला आणणं ही चोरीच. 2019 मध्ये या साऱ्या 'पोइसिलोथेरिया' वंशाचा समावेश 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादी आपल्या वन्यजीव कायद्यात आली, आणि 2024 च्या नियमांनी असा प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करणं भाग पाडलं. विकणारा "कागदाची काय गरज आहे, काका?" म्हणाला की तिथूनच पाठ फिरवा. कागद दाखवलेच, तर पिल्लू पिंजऱ्यातच जन्मलंय की रानातून उचललंय हे त्यांतच शोधा. मादी असेल तर दहाबारा वर्षं ती तुमच्या घरी राहील. तेवढा काळ घरच्यांची संमती टिकेल का, हेही आजच विचारून ठेवा.

पेटीला कुलूप लावा. आत हात घालायचा नाही, लांब चिमटा वापरायचा. पहिले काही आठवडे सालीच्या नळीशिवाय काहीच दिसणार नाही. पाहुणे येतील, पेटी वाजवतील, "कुठाय?" म्हणून विचारतील. पेटीच्या तीन बाजूंना, भोकं मोकळी सोडून, काळा कागद चिकटवून टाका, म्हणजे 1772 च्या त्या कारकुनालाही उत्तर मिळेल.