गोरे इस्राएल, काळे इस्राएल

विवाह आधी आणि धर्मस्वीकार पुष्कळ वर्षांनी, हा क्रम यहुदी परंपरेला अपरिचित नाही. रूथ ही मवाबी स्त्री यहुदी घरात सून म्हणून आली. पुढे वैधव्य आल्यावर तिने सासूच्या देवाला आपला मानले. दाविदाची वंशावळ तिच्याच संततीतून सांगितली जाते.

आमच्या कोकणात मात्र रूथच्या मुलांना ‘काळे इस्राएल’ म्हटले गेले असते. तेलाचा घाणा चालविणारा, शनिवारी तो बंद ठेवणारा, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविला गेलेला बेने इस्राएल समाज पिढ्यान्‌पिढ्या गोरे आणि काळे असा दुभंगलेला होता. कातडीच्या रंगाशी या भेदाचा संबंध नाही. बेने इस्राएल पुरुष व परधर्मीय स्त्री यांची संतती ती काळी, आणि तिच्याशी गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. याचा सारा दोष भोवतालच्या जातिव्यवस्थेवर ढकलणे सोपे आहे, परंतु पुरेसे नाही. यहुदी शास्त्रही मातृकूळच मानते. तथापि त्याच शास्त्राने परक्या स्त्रीसाठी मार्गही आखून दिला आहे: तिघांच्या न्यायमंडळापुढे स्वीकार, शुद्धिस्नान, आणि मग त्याच पतीशी पुन्हा शास्त्रोक्त विवाह. कोकणातील खेड्यांत रब्बी नव्हते. मार्ग ग्रंथात राहिला. निषेध तेवढा व्यवहारात उरला.

या इतिहासाचा विलक्षण भाग पुढेच आहे. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीपीठाने आदेश काढला की, बेने इस्राएलांचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांत मिश्रविवाह वा धर्मांतर झाले होते काय, याची चौकशी व्हावी. ज्या कसोटीने गोऱ्यांनी काळ्यांना दूर ठेवले, तीच आता अवघ्या समाजाला लागली. तीव्र आंदोलनानंतर, १९६४ साली, आदेशातून बेने इस्राएलांचा नामनिर्देश गेला.

दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ पासून जूदा हयाम प्रार्थनामंदिर आहे. प्रार्थनेस लागणाऱ्या दहा जणांत तेथे स्त्रियांनाही धरतात. कोकणातल्या जुन्या पंचांना हे मानवले नसते. पण शेजारच्या गाझियाबादेत राहणाऱ्या एखाद्या यहुद्याच्या परधर्मीय पत्नीला रीतसर यहुदी व्हावयाचे असेल, तर भारतात स्थायी रब्बी-न्यायमंडळ नाही. शिवाय विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता होतो. धर्मांतराला मात्र उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे साठ दिवस आधी घोषणापत्र द्यावे लागते. शब्बाथचे दिवे तिने वीस वर्षे लावले असले, तरी हे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासूनच मोजले जातात.